पचत नाही, सोसत नाही, अंगावर उठते

वाचकांचे प्रश्न : अन्नाची अ‍ॅलर्जी आणि न सोसणारे पदार्थ

मागच्या अंकात आम्ही अन्नाच्या अ‍ॅलर्जीविषयी प्रश्न मागवले होते. आलेली पत्रे वाचताना एक गोष्ट वारंवार लक्षात आली. दूध प्यायल्यावर पोट गुबारणे, कोळंबी खाल्ल्यावर अंगावर गांधी उठणे, राजम्याने रात्रभर गॅस होणे, आंबा खाल्ल्यावर ओठांभोवती पुरळ येणे, या साऱ्यांसाठी पत्रलेखकांनी ‘अ‍ॅलर्जी’ हा एकच शब्द वापरला आहे. आपल्या आधीच्या पिढ्यांच्या बोलण्यात यांसाठी निरनिराळे शब्द होते. एखादा पदार्थ ‘पचत नाही’, एखादा ‘सोसत नाही’, एखाद्याने ‘अंगावर उठते’, आणि शिळेपाके खाल्ले तर ते ‘बाधते’. या शब्दांमागे शरीरशास्त्र नव्हते, पण निरीक्षण होते, आणि त्यांनी केलेली वाटणी आजच्या वैद्यकाशी पुष्कळशी जुळते. हा फरक आपण पुन्हा मनात पक्का करावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. ज्याला एखादा पदार्थ नुसता पचत नाही त्याने घाबरून निम्मे ताट रिकामे करणे नुकसानीचे आहे, आणि ज्याच्या अंगावर उठते त्याने ‘होईल थोडे पित्त’ म्हणून तोच पदार्थ पुन्हा खाणे त्याहून कितीतरी धोक्याचे आहे. जागेअभावी निवडक पत्रे घेतली असून ती थोडी संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : माझे वय 42 असून जन्म किनाऱ्यावरचाच आहे. मासे, कोळंबी, कुर्ल्या हे आमचे रोजचे जेवण. गेल्या वर्षी गणपती झाल्यावर पहिल्यांदा कोळंबीचे कालवण खाल्ले आणि अर्ध्या तासात सर्वांगावर पित्त उठले. आईने आमसुलाचे पाणी चोळले, मी एक गोळी घेतली आणि ते बसले. दोन महिन्यांनी तोच प्रकार झाला, पण त्या वेळी आवाज घोगरा झाला, छाती आवळल्यासारखी वाटली आणि उलटी झाली. चाळीस वर्षे जे खाल्ले ते आताच कसे बाधावे? आणि आता मासेही सोडावे लागतील का? (एक वाचक, मालवण)

उत्तर : आपल्या पत्रातले सर्वांत महत्त्वाचे शब्द ‘आवाज घोगरा झाला’ हे आहेत, म्हणून आधी त्यांच्याविषयी लिहितो. अंगावर गांधी उठणे आणि त्याच वेळी श्वास, आवाज, पोट किंवा रक्तदाब यांपैकी कशावर तरी परिणाम होणे, अशी जोडी जमली की त्या अवस्थेला अ‍ॅनाफिलॅक्सिस म्हणतात. ही अ‍ॅलर्जीची जीवघेणी पायरी आहे. आपण त्या दिवशी त्यातून निभावून गेलात, पण पुढचा झटका मागच्याइतकाच सौम्य असेल असे मुळीच गृहीत धरता येत नाही.

आपण ज्याला ‘पित्त उठणे’ म्हणतो त्याचा यकृतातल्या पित्ताशी किंवा आम्लपित्ताशी संबंध नसतो. शरीराची रोगप्रतिकारशक्ती अन्नातल्या एखाद्या निरुपद्रवी प्रथिनाला शत्रू समजते आणि त्याच्याविरुद्ध ‘आयजीई’ नावाची प्रतिपिंडे तयार करते. ही प्रतिपिंडे त्वचा, श्वासनलिका आणि आतडी येथल्या मास्ट पेशींवर जाऊन बसतात. पुढे तेच प्रथिन पोटात गेले की या पेशी हिस्टामिन आणि इतर रसायने एकदम बाहेर सोडतात, आणि काही मिनिटांत, फार तर दोनेक तासांत, गांधी, सूज, धाप, उलटी हे सारे सुरू होते. आमसुलाच्या पाण्याने त्वचेला गारवा मिळतो व खाज निवते, आणि तेवढ्यासाठी ते लावायला माझी हरकत नाही. सेटिरिझिनसारखी गोळीही खाजच कमी करते. सुजलेला घसा उघडण्याचे किंवा कोसळलेला रक्तदाब सावरण्याचे काम यांपैकी कशानेही होत नाही. ते काम अ‍ॅड्रेनॅलिनच्या इंजेक्शनचे आहे, आणि ते मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत, उशीर न करता द्यावे लागते. वजनाच्या दर किलोला 0.01 मिलिग्रॅम, मुलांना जास्तीत जास्त 0.3 आणि मोठ्यांना 0.5 मिलिग्रॅम अशी त्याची मात्रा आहे. उतार पडला नाही तर पाच ते पंधरा मिनिटांनी ते पुन्हा देता येते. हे औषध स्वस्त आहे आणि साध्या दवाखान्यातही असायला हवे. आपल्या गावातल्या डॉक्टरांकडे ते आहे ना, हे आजच जाऊन विचारून घ्यावे, कारण झटका आल्यावर विचारत बसायला वेळ नसतो.

तसा प्रसंग पुन्हा आलाच तर 108 क्रमांकावर फोन करून रुग्णवाहिका बोलवावी, रुग्णाला आडवे निजवून पाय उंचावर ठेवावेत, आणि धाप लागली असेल तर बसते करावे. त्याला उभे करून चालवत गाडीपर्यंत नेऊ नये. एकाएकी उभे राहिल्याने रक्तदाब कोसळून मृत्यू ओढवल्याची उदाहरणे वैद्यकात नोंदलेली आहेत. बरे वाटले तरी काही तास रुग्णालयात थांबावे, कारण काही जणांत लाट ओसरून पुन्हा उसळते.

आता आपल्या दोन प्रश्नांकडे वळतो. कोळंबीची अ‍ॅलर्जी प्रौढ वयात प्रथमच सुरू होणे हे मुळीच विरळ नाही. कोळंबी, कुर्ली, शेवंड यांच्या स्नायूंत ट्रोपोमायोसिन नावाचे प्रथिन असते आणि ते शिजवल्याने नष्ट होत नाही. घरातल्या धुळीतले सूक्ष्म कीटक आणि झुरळे यांच्यातही त्याच्याशी मिळतेजुळते प्रथिन असल्यामुळे धुळीची अ‍ॅलर्जी असणाऱ्या काही लोकांना पुढे कोळंबी सोसेनाशी होते. एकाची अ‍ॅलर्जी असेल तर ती बहुधा या साऱ्या कवचधारींना लागू पडते, म्हणून सोडे आणि जवळाही आपल्याला वर्ज्य समजावेत. सोडे भाजताना उठणाऱ्या वाफेनेसुद्धा काहींना धाप लागते, तेव्हा त्या वेळी स्वयंपाकघरात थांबू नये. तिसऱ्या आणि कालवे यांचे प्राणिकुळ वेगळे असले तरी काही रुग्णांना त्यांचाही त्रास होतो, म्हणून तपासणी होईपर्यंत तेही टाळावेत.

माशांतले प्रथिन मात्र वेगळे असते. त्यामुळे बांगडा किंवा सुरमई खाऊन आपल्याला आजवर काहीही झाले नसेल तर ती सोडण्याचे कारण नाही. काळजी एवढीच घ्यायची, की कोळंबी सोललेल्या विळीवर मासा कापलेला नसावा आणि कोळंबी तळलेल्या तेलात तो तळलेला नसावा. खानावळीत हे सांभाळले जाईल याची खात्री देता येत नाही, म्हणून तिथे मासाही न खाल्लेला बरा. कोळंबीची अ‍ॅलर्जी म्हणजे आयोडीनची अ‍ॅलर्जी, असा एक समज रूढ आहे, तो चुकीचा आहे.

किनाऱ्यावरच्या वाचकांसाठी आणखी एक गोष्ट सांगतो. बांगडा, तारली, कुपा असे मासे बर्फाविना उन्हात राहिले की जिवाणूंमुळे त्यांच्या मांसातच हिस्टामिन तयार होते आणि ते कितीही शिजवले तरी जात नाही. असा मासा खाल्ल्यावर तोंड लाल होते, डोके ठणकते, छाती धडधडते, गांधीही उठतात आणि सारे काही अ‍ॅलर्जीसारखेच दिसते. मात्र एकाच पंगतीतल्या अनेकांना एकदम त्रास झाला, तर दोष माशाच्या ताजेपणाचा असतो. आजी ज्याला ‘बाधणे’ म्हणत असे, ते हेच.

प्रश्न : आमच्या घरात दोघांना दूध चालत नाही. सासरे 68 वर्षांचे आहेत; पेलाभर दूध घेतले की पोट गुबारते, गुडगुडते आणि शौचाला पळावे लागते. माझा मुलगा आठ महिन्यांचा आहे. त्याला पहिल्यांदा वाटीतून गाईचे दूध चार चमचे पाजले, तर दहा मिनिटांत ओठ सुजले, तोंडाभोवती गांधी उठल्या आणि त्याने भडाभडा उलटी केली. दोघांनाही गाईऐवजी म्हशीचे किंवा शेळीचे दूध द्यावे, असे सगळे सुचवतात. (एक आई, कोल्हापूर)

उत्तर : एकाच घरात, एकाच पातेल्यातल्या दुधाने, दोन अगदी भिन्न गोष्टी घडल्या आहेत, आणि दोघांवर एकच उपाय करणे मुलाच्या जिवावर बेतू शकते. म्हणून आधी मुलाविषयी.

त्याची लक्षणे दुधाच्या प्रथिनांच्या खऱ्या अ‍ॅलर्जीची आहेत. गाय, म्हैस आणि शेळी यांच्या दुधांतली प्रथिने एकमेकांशी इतकी मिळतीजुळती असतात, की गाईचे दूध न सोसणाऱ्या बहुतेक बाळांना इतर दोन्हीही सोसत नाहीत. तेव्हा म्हशीच्या किंवा शेळीच्या दुधाचा प्रयोग घरी कदापि करू नये. तसेही बाळाला एक वर्षाच्या आत वरचे दूध मुख्य आहार म्हणून देऊ नये, असाच बालरोगतज्ज्ञांचा सल्ला असतो. आपण स्तनपान चालू ठेवावे. आपल्या दुधावर बाळ खुशाल असेल, तर आपण स्वतः दूधदुभते बंद करण्याचे कारण नाही. स्तनपान शक्य नसेल तर प्रथिनांचे तुकडे करून तयार केलेले खास पावडरीचे दूध डॉक्टरांच्या सल्ल्याने मिळते. बिस्किटे, पाव, तयार लापशी यांच्या वेष्टनांवर दूध, दूध पावडर, व्हे, केसिन हे शब्द शोधायची सवय घरातल्या प्रत्येकाने लावून घ्यावी, आणि त्यात लाडाने हातावर पेढा ठेवणारे शेजारीही आले. समाधानाची गोष्ट अशी, की दुधाची अ‍ॅलर्जी असलेली बहुसंख्य मुले वाढत्या वयात तिच्यातून बाहेर पडतात. त्यासाठी वर्षभराच्या अंतराने तज्ज्ञांकडे फेरतपासणी करावी आणि दूध पुन्हा सुरू करायचे ते त्यांच्याच देखरेखीखाली.

सासऱ्यांची गोष्ट साधी आहे. दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, पचवायला लहान आतड्यात लॅक्टेज नावाचे विकर लागते. जगातल्या बहुतांश माणसांत ते बालपणानंतर कमी होत जाते. न पचलेली साखर मोठ्या आतड्यात पोचली की तिथले जिवाणू ती आंबवतात, त्यातून वायू होतो आणि पाणी ओढले जाऊन जुलाब लागतात. यात प्रतिकारशक्तीचा काही संबंध नाही, त्यामुळे जिवाला धोकाही नाही. 200 मिलिलिटरच्या पेल्यात साधारण 10 ग्रॅम लॅक्टोज असते, आणि हा त्रास असणाऱ्या पुष्कळांना तेवढेसुद्धा जेवणाबरोबर, थोडे थोडे घेतले तर सोसते. म्हणून त्यांनी चहातले दूध सोडू नये. दही आणि ताक त्यांना बरेच मानवेल, कारण विरजणातले जिवाणू काही लॅक्टोज स्वतःच संपवतात आणि उरलेले पचवायला मदत करतात. तुपात लॅक्टोज जवळजवळ नसतेच. म्हशीच्या दुधात ते गाईच्या दुधाइतकेच असल्याने तो बदल त्यांच्याही उपयोगाचा नाही. मात्र हा त्रास उतारवयात एकाएकी सुरू झाला असेल, वजन उतरत असेल किंवा शौचातून रक्त जात असेल, तर दुधावर खापर फोडून थांबू नये. पोटाची तपासणी करून घ्यावी.

प्रश्न : माझी मुलगी नऊ वर्षांची आहे. दोन वर्षांपासून तिचे पोट फुगलेले असते, शौच पातळ होते, हिमोग्लोबिन 8 वर अडले आहे आणि वर्गात ती सर्वांत बुटकी दिसू लागली आहे. एका नातेवाइकांनी साधा गहू बंद करून खपली गहू वापरायला सांगितले, कारण तो जुना, देशी आणि पचायला हलका असतो. महिन्याभरात गहू पूर्ण बंद करावा असा विचार आहे. (एक वाचक, नांदेड)

उत्तर : कृपया आत्ता गहू बंद करू नका. ही विनंती विचित्र वाटेल, पण तिच्यामागे ठोस कारण आहे.

आपण वर्णन केलेल्या लक्षणांत सेलियाक या आजाराची शंका घ्यायलाच हवी. हा आजार वर सांगितलेल्या दोन्ही गटांत बसत नाही. गहू, जव आणि राय यांच्यातल्या ग्लुटेनमुळे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते, आतड्यातली अन्नरस शोषणारी लव झिजते आणि मुलीने खाल्लेले लोह, कॅल्शियम, जीवनसत्त्वे तिच्या अंगी लागत नाहीत. लोहाच्या गोळ्या देऊनही हिमोग्लोबिन का वाढत नाही, याचे उत्तर कित्येकदा इथे सापडते. निदानासाठी ‘टीटीजी आयजीए’ ही रक्ततपासणी एकूण आयजीएच्या तपासणीसह करतात आणि गरजेप्रमाणे दुर्बिणीतून आतड्याचा लहानसा तुकडा घेऊन तपासतात. या दोन्ही तपासण्या गहू खात असतानाच खऱ्या ठरतात. गहू बंद केला की प्रतिपिंडे कमी होतात, आतडे भरून येऊ लागते आणि आजार असूनही अहवाल निर्दोष येऊ शकतो. मग निदानासाठी पुन्हा कित्येक आठवडे गहू खाऊ घालून मुलीला आजारी पाडण्याची वेळ येते. ही वेळ आलेली कुटुंबे मी पाहिली आहेत, आणि ती टाळता आली असती याचे प्रत्येक वेळी वाईट वाटले आहे.

खपलीविषयी स्पष्टच लिहितो. खपली हा गहूच आहे, त्यात ग्लुटेन आहे आणि सेलियाकच्या रुग्णाला तो साध्या गव्हाइतकाच वर्ज्य आहे. निरोगी माणसाने खपलीची खीर आनंदाने खावी. इथे प्रश्न वेगळा आहे.

या आजाराचा गव्हाशी असलेला संबंध नेदरलँड्समधले बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी दाखवून दिला. 1944-45 च्या हिवाळ्यात तिथे युद्धामुळे उपासमार झाली आणि पाव मिळेनासा झाला, तेव्हा इतर सारे खंगत असताना ही आजारी मुले मात्र सुधारली, आणि पाव परत आल्यावर पुन्हा ढासळली. तोपर्यंत या मुलांना नेमके काय मारते आहे हे कोणाला ठाऊक नव्हते.

निदान पक्के झाले तर उपचार एकच, तो म्हणजे जन्मभर ग्लुटेन वर्ज्य. पंजाबातल्या आईपेक्षा मराठवाड्यातल्या आईला हे सोपे जाते, असे मला खरोखर वाटते, कारण ज्वारीची भाकरी घरात आहेच. बाजरी, नाचणी, तांदूळ, मका आहे. आणि साबुदाणा, वरई, राजगिरा, शिंगाडा हे उपासाचे सारे धान्य तिला चालते. अडचण लपलेल्या गव्हाची आहे. मेतकुटात गहू भाजून घातलेला असतो, थालीपिठाच्या भाजणीत असतो, सातूच्या पिठात असतो, आणि बांधणीच्या हिंगात बहुधा मैदा असतो, म्हणजे वरणाच्या फोडणीतूनही तो तिच्या पोटात जातो. पिठाच्या गिरणीत गव्हानंतर ज्वारी दळली, तर जात्यात राहिलेले गव्हाचे पीठ ज्वारीत उतरते. म्हणून या घरांनी लहान घरगुती चक्की घ्यावी किंवा तिची ज्वारी वेगळी दळून देणारा गिरणीवाला शोधावा. आई, वडील आणि भावंडे यांनीही ही रक्ततपासणी करून घ्यावी, कारण आजार कुटुंबात आढळतो आणि काहींत तो कोणतेही लक्षण न दाखवता असतो.

प्रश्न : सतत पोट फुगते म्हणून मी एका ठिकाणी रक्त देऊन नव्वद पदार्थांची तपासणी केली. अहवालात तूर, तांदूळ, टोमॅटो, दही, केळे, वांगे यांच्यासह 23 पदार्थ लाल रंगात आले. ते सर्व बंद केले. तीन महिन्यांत वजन सहा किलो कमी झाले, पण पोट आहे तसेच आहे. (एक वाचक, पुणे)

उत्तर : आपण अहवालाची प्रत जोडली आहे, त्यावरून ही ‘आयजीजी’ प्रतिपिंडांची तपासणी दिसते. ही प्रतिपिंडे आपण जे अन्न खातो त्याच्याविरुद्ध निरोगी माणसातही असतात. शरीराची त्या अन्नाशी ओळख झाली आहे, एवढेच ती सांगतात. तूर आणि तांदूळ रोज खाणाऱ्याच्या अहवालात तूर आणि तांदूळ लाल दिसावेत, यात नवल नाही. युरोप आणि अमेरिकेतल्या अ‍ॅलर्जीतज्ज्ञांच्या संघटनांनी ही तपासणी अन्नाच्या त्रासाच्या निदानासाठी वापरू नये, असे स्पष्ट सांगितले आहे. आपण पैसे घालवले त्यापेक्षा सहा किलो वजन घालवले याची मला अधिक चिंता वाटते.

आयजीई प्रतिपिंडांची तपासणी उपयुक्त असते, पण तीही लक्षणांशिवाय वाचायची नसते. बंगळूर आणि म्हैसूर येथे प्रौढांची जी मोठी पाहणी झाली, तिच्यात सुमारे 26 टक्के लोकांच्या रक्तात कोणत्या ना कोणत्या अन्नाविरुद्ध आयजीई सापडले, आणि खरी अ‍ॅलर्जी असण्याचा संभव मात्र जेमतेम 1.2 टक्क्यांत आढळला. म्हणजे रक्तात खूण असलेले बहुतेक जण ते अन्न सुखाने खात होते. म्हणून तज्ज्ञ आधी नेमके काय खाल्ले, किती वेळाने काय झाले आणि दर वेळी होते का, हे विचारतात आणि मग मोजक्याच पदार्थांची तपासणी करतात. तरीही शंका उरली तर रुग्णालयात, अ‍ॅड्रेनॅलिन हाताशी ठेवून, तो पदार्थ अगदी थोड्यापासून वाढवत खायला देतात. ही सर्वांत विश्वासार्ह परीक्षा आहे आणि ती घरी करण्याची नाही.

आपले लक्षण फक्त पोट फुगण्याचे आहे. गांधी, सूज, धाप यांचा उल्लेख नाही. तेव्हा बंद केलेले अन्न पुन्हा सुरू करावे, सेलियाकची तपासणी करून घ्यावी आणि ती निर्दोष आली, तर आहारतज्ज्ञांच्या मदतीने एक मर्यादित प्रयोग करावा. कांदा, लसूण, गहू, राजमा, छोले, दूध, सफरचंद, आंबा यांत लहान आतड्यात नीट न शोषल्या जाणाऱ्या आणि पुढे आंबणाऱ्या शर्करा असतात. मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठात या शर्करांचा मोठा अभ्यास झाला असून त्या कमी करण्याचा आहार तिथेच आखला गेला. तो दोन ते सहा आठवडेच पाळायचा असतो आणि नंतर एकेक पदार्थ परत आणून कोणता, किती सोसतो ते पाहायचे असते. तो कायमचा आहार नाही. लसणाविषयी एक उपयोगाची गोष्ट अशी, की त्रास देणारी शर्करा पाण्यात उतरते पण तेलात उतरत नाही. तेलात लसणाच्या अख्ख्या पाकळ्या परतून, त्या काढून मग फोडणी केली तर वास राहतो आणि त्रास टळतो. आमटीत उकळलेल्या पाकळ्या मागाहून वेचून काढल्याने मात्र काही साधत नाही.

प्रश्न : पाच वर्षांच्या मुलाला शेंगदाण्याची तीव्र अ‍ॅलर्जी असल्याचे निदान झाले आहे. आमच्याकडे कूट नाही असा स्वयंपाकच नाही. शाळेत कसे सांभाळावे? धाकट्या मुलीचे पुढच्या महिन्यात उष्टावण आहे. तिला शेंगदाणा किती वर्षे देऊ नये? (एक आई, नाशिक)

उत्तर : आपल्याकडच्या ओट्यावर कुटाचा डबा मिठाच्या डब्याइतकाच जवळ असतो आणि त्यातला चमचा दिवसभरात कोशिंबिरीतून भाजीत, भाजीतून चटणीत फिरत असतो. खरा धोका त्या चमच्याचा आहे. काही काळ तरी कूट घरातूनच बंद करावे, अशी माझी शिफारस आहे. काकडीच्या कोशिंबिरीला ओले खोबरे, भरल्या वांग्याला सुके खोबरे चालते, आणि तीळही चालतात, मात्र मुलाला तीळ सोसतात हे आधी तज्ज्ञांकडून ठरवून घ्यावे. उपासाच्या दिवशी विशेष सावध राहावे, कारण खिचडी, झिरके, लाडू, चिक्की या सर्वांत दाणा असतो आणि बाहेरचे आप्त ‘उपासाचे तर आहे’ म्हणून प्रेमाने भरवतात. लाकडी घाण्याच्या शेंगदाणा तेलात प्रथिनांचे अंश उरतात, म्हणून ते घरात आणू नये. शेंगदाणा कडधान्यांच्या कुळातला असला तरी बहुतेक मुलांना तूर, मूग, हरभरा चालतात. जी डाळ मूल आजवर सुखाने खात आले आहे ती भीतीपोटी बंद करू नये.

वेष्टनबंद खाऊवर भारतीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या 2020 च्या नियमांनुसार शेंगदाणा, कवचफळे, दूध, अंडी, मासे, कवचधारी, सोया आणि ग्लुटेनयुक्त धान्ये यांचा उल्लेख करणे बंधनकारक आहे. त्या यादीत तीळ आणि मोहरी नाहीत, हे लक्षात ठेवावे. अमेरिकेत 1 जानेवारी 2023 पासून तिळाचाही समावेश झाला आहे, आणि तिळगुळाच्या या देशात तो व्हावा असे मला मनापासून वाटते. सुटा फरसाण, चिवडा आणि हलवायाकडची मिठाई यांना वेष्टनच नसते, म्हणून ती मुलाला देऊच नयेत.

शाळेत मुख्याध्यापक आणि वर्गशिक्षिका यांना समक्ष भेटावे आणि डॉक्टरांच्या सहीचा एक पानी आराखडा द्यावा. त्यावर मुलाचा फोटो, कशाची अ‍ॅलर्जी, कोणती लक्षणे दिसली तर काय करायचे, कोणाला फोन करायचा आणि जवळचे रुग्णालय कोणते, एवढेच मोठ्या अक्षरांत मराठीत असावे. ठरावीक मात्रेची, टोचताच आपोआप औषध सोडणारी अ‍ॅड्रेनॅलिनची पेने परदेशात सर्रास मिळतात, आपल्याकडे ती सहज मिळत नाहीत. म्हणून तज्ज्ञांकडून अ‍ॅम्प्यूल आणि सिरिंज यांचा संच कसा ठेवायचा आणि मुलाच्या वजनाला किती मात्रा भरायची, हे आई-वडिलांनी हाताने करून शिकून घ्यावे. डबा वाटून खाण्याची आपल्याकडची रीत सुंदर आहे, पण या मुलाला ‘माझा डबा माझाच’ हे शिकवावे लागेल. त्याला वेगळे बसवून शिक्षा झाल्यासारखे मात्र वाटू देऊ नये. पाच वर्षांचे मूल ‘आई, यात दाणे आहेत का?’ हे विचारायला शिकते, आणि ते कोणत्याही चिठ्ठीपेक्षा उपयोगी पडते.

धाकटीविषयी जुना सल्ला आता बदलला आहे. पूर्वी असे पदार्थ तीन वर्षांपर्यंत देऊ नका, असे आम्ही डॉक्टरच सांगत होतो, आणि तो सल्ला चुकीचा ठरला. लंडनमध्ये झालेल्या आणि 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अ‍ॅलर्जीचा धोका जास्त असलेली 640 बाळे घेतली होती. निम्म्यांना वर्षाच्या आतच शेंगदाणा नियमित दिला, निम्म्यांना पाच वर्षे दिला नाही. पाचव्या वर्षी न दिलेल्या गटात सुमारे 17 टक्के मुलांना शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी होती, दिलेल्या गटात सुमारे 3 टक्के. तेव्हा उष्टावण ठरल्याप्रमाणे करावे आणि पुढच्या काही आठवड्यांत शेंगदाणाही द्यावा. मात्र तिला आधीच तीव्र इसब किंवा अंड्याची अ‍ॅलर्जी असेल, तर आधी तज्ज्ञांना दाखवावे. अख्खा दाणा लहान मुलाच्या श्वासनलिकेत अडकतो, म्हणून बारीक वाटून पातळ केलेली पेस्ट पेजेत मिसळून द्यावी. भाऊ घरी नसताना आणि वेगळ्या भांड्यात हे केले, म्हणजे दोघांचेही भागते.

प्रश्न : आंबा खाल्ल्यावर एक-दोन दिवसांनी ओठांभोवती खाज, पुरळ आणि बारीक फोड येतात. आंब्याची अ‍ॅलर्जी आहे का? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : गराची बहुधा नाही. आंबा, काजू आणि बिब्बा ही एकाच कुळातली झाडे आहेत. बिब्बा ‘उततो’ म्हणजे काय होते हे कोकणात सांगायला नको, आणि धोबी कपड्यांवर बिब्ब्याच्या रसाने खुणा करत, तेव्हा त्या खुणेखालची त्वचाही अशीच उतत असे. तोच प्रकार सौम्य रूपात आंब्याच्या देठाजवळच्या चिकाने आणि सालीने होतो. ही त्वचेची उशिरा दिसणारी प्रतिक्रिया आहे आणि तिने श्वास कोंडत नाही. आंबे पाण्यात भिजवून, चीक धुऊन घ्यावेत, दुसऱ्याकडून सोलून आणि फोडी करून घ्यावेत, आणि चोखून न खाता चमच्याने किंवा काट्याने खावेत. इतके केल्यावर बहुतेकांना आंबा सोडावा लागत नाही. मात्र सोललेला गर खाल्ल्यावर काही मिनिटांतच जीभ सुजू लागली किंवा घसा आवळू लागला, तर ती वेगळी गोष्ट आहे. तेव्हा आंबा थांबवून अ‍ॅलर्जीतज्ज्ञांना दाखवावे.